वांगोबा चोर नाय

गोजरमावशीला इंग्रजी वाचता येत नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं असं मी लिहिणार होते. पण घोळ असा की नेमकं शेंबड्या पोरांनाच ते ठाऊक नव्हतं. त्यांना ती गेली दोन वर्षं रोज इंग्रजी पुस्तक वाचून दाखवत होती. ओळीखाली बोट, मान जराशी तिरपी, पान उलटताना अंगठा जिभेला. बघणाऱ्याला वाटावं, बाई कॉन्व्हेंटात शिकलेली आहे.

शिक्षण म्हणाल तर चौथी पास. मराठी वाचते, सही झोकात करते. इंग्रजीतले फक्त आकडे येतात, तेही मोबाईलच्या कृपेने. ती आमच्या गावच्या अंगणवाडीत मदतनीस आहे. सेविकाबाईंकडे दोन अंगणवाड्यांचा भार, त्यामुळे त्या एक दिवस इकडे आणि एक दिवस तिकडे. खिचडी शिजवण्यापासून पोरांची नाकं पुसण्यापर्यंत आणि रडणाऱ्याला गप्प करण्यापासून वजनकाट्यावर उभं करण्यापर्यंत सगळं मावशीच बघते. वय पन्नाशीच्या आतबाहेर. नवरा धाऊ भातशेती करतो आणि बायकोचं कौतुक तोंडावर कधी करत नाही.

मी शेजारच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. शहापूरहून किन्हवलीमार्गे स्कूटीने येते, किन्हवलीच्या पुढचा चार किलोमीटर रस्ता शिव्या देत कापते. इंग्रजी घेऊन एम.ए. केलंय. हे मी पहिल्या पाच मिनिटांतच समोरच्याला सांगून टाकते, असं माझा नवरा म्हणतो. इतक्या ओळींत मी ते तुम्हालाही सांगितलंच, तेव्हा त्याचं काही चुकत नाही.

तर पुस्तकं. मावशीचा भाचा सुरज भिवंडीकडे एका पुस्तकांच्या गोदामात माल चढवतो-उतरवतो. तिथला नियम असा की खोक्याचा कोपरा चेपला की तो खोका दुकानात जात नाही, आतली पुस्तकं कोरी करकरीत का असेनात. असे दोन चेपलेले खोके त्याने साहेबाला विचारून मागून घेतले आणि दिवाळीला मावशीकडे येताना टेम्पोत टाकून आणले.

खोके उघडले तेव्हा मी तिथेच होते. उघडल्यावर कपाळाला हात लावला. मला वाटलं होतं, तऱ्हेतऱ्हेच्या गोष्टी निघतील. निघालं काय, तर एकाच कार्टून सिनेमाची पुस्तकं! आधी कुणीतरी परदेशी खेळणी काढली, मग ती खपावीत म्हणून त्यांचा सिनेमा केला, मग सिनेमा चालला म्हणून त्याची पुस्तकं छापली. एकाच तांदळाचा भात, भाकरी आणि पेज. एक गोष्टीचं पुस्तक, एक रंगवायचं, एक चिकटचित्रांचं, आणि एक जाडजूड, सिनेमाच्या भक्तांसाठी. त्यात प्रत्येक खेळण्याला एक अख्खं पान, वर त्याचा नंबर. मराठी अक्षर औषधालाही नाही.

त्या खेळण्यांची गंमत म्हणजे त्यांची डोकी निघतात. एकाचं काढायचं, दुसऱ्याला बसवायचं. त्यांचं इंग्रजी नाव लांबलचक आहे आणि मी ते मुद्दाम लिहीत नाही, कंपनीची फुकट जाहिरात कशाला करू? आमच्या पोरांनी पहिल्याच दिवशी बारसं उरकलं. ती त्यांना ‘मुंडकी’ म्हणतात.

“मावशी, हा सगळा कचरा आहे,” मी म्हणाले. “यापेक्षा मी शाळेच्या ग्रंथालयातून चांगली पुस्तकं देते.”

“द्या की बाई, ती पन द्या,” मावशी म्हणाली. “पन ही ऱ्हाऊ द्या. पोरांना बुक हाताळाया मिळंल. एकेकाला एकेक पुरतंय, भांडान नाय.”

मी देते म्हटलेली पुस्तकं द्यायला मला चार महिने लागले. तेवढ्यात तिने त्या कचऱ्याचं काय केलं ते ऐका.

खिचडी झाली की ओट्यावर गोल बसायचं. प्रत्येकाच्या मांडीवर पुस्तक, मध्ये मावशी. ती सांगेल त्या पानावर सगळ्यांनी यायचं. वजनाला न रडता उभं राहिलं की एक चिकटचित्र, ताटली चाटूनपुसून संपवली की एक. त्यामुळे आमच्या अंगणवाडीत डाळीच्या डब्यावर, हंड्यावर, अगदी वजनकाट्याच्या पाठीवरही मुंडकी बसलेली आहेत. पूर्वी मावशीला पोरं घरोघर जाऊन गोळा करावी लागायची. आता ती दहा वाजता ओट्यावर आधीच बसलेली असतात. माझ्या वर्गातली पहिली-दुसरीची पोरंसुद्धा मधल्या सुट्टीत उड्या मारत तिकडे पळतात. मी वर्गात कविता म्हणून दाखवते तेव्हा इतकं कुणी पळत आल्याचं मला आठवत नाही.

त्यातली मनस्वी म्हणजे पाच वर्षांची वकिलीण. तिला प्रत्येक गोष्टीचा पुरावा लागतो. मावशीने काही सांगितलं की ही पुढे सरकून विचारणार, “खरंच लिवलंय?”

आणि मावशी ओळीवर बोट ठेवून म्हणणार, “लिवलंय गो.”

एक दिवस फळा पुसता पुसता माझ्या कानावर गोष्ट पडली आणि मी खिडकीशी थांबले. मूळ गोष्ट मी पुस्तकात वाचली होती. मुंडक्यांच्या नगरात एक जांभळा दुष्ट असतो. तो रात्री सगळ्यांची डोकी चोरतो, टोपलीत भरून नेतो. एक छोटा लाल त्याच्या मागावर जातो, मारामाऱ्या होतात आणि शेवटी दुष्ट उकळत्या प्लास्टिकच्या कढईत पडतो. अशा गोष्टी कंपन्या झोपेतही लिहितात.

मावशीची गोष्ट निराळीच होती. तिच्या गोष्टीत मुंडक्यांच्या गावात बोहाडा होता! आमच्याकडे शहापूर-मुरबाडच्या गावांत उन्हाळ्यात बोहाडा होतो. देवादिकांचे मुखवटे चढवून माणसं वाजतगाजत नाचतात. त्यांना सोंगं म्हणतात. कुठलं सोंग कुठल्या घराने आणायचं तो मान ठरलेला, आणि कुठल्यामागून कुठलं यायचं तो क्रमही ठरलेला. मावशीने डोकी निघालेली चित्रं बघितली आणि तिला शंकाच आली नाही. ही सोंगंच! जाड पुस्तकातला खेळण्याचा नंबर म्हणजे सोंगाचा क्रम. “ह्याचा नंबर चौदा. म्हंजे तेरा सोंगं नाचून गेली का मंग हा येनार. तवर त्यानं गप बसायचं, ओमकार, तुज्यासारखं मधी मधी नाय करायचं.”

आणि तो जांभळा? तो तिच्या गोष्टीत चोर नव्हता. तो होता वांगोबा, गावचे मुखवटे सांभाळणारा. बोहाडा संपला की घरोघर जाऊन मुखवटे गोळा करायचे, वर्षभर जपायचे, हे त्याचं काम. छोट्या लालच्या घराला कुठल्याच सोंगाचा मान नसतो, म्हणून तो रुसतो आणि वांगोबाच्या मागे लागतो, मला पण सोंग दे. शेवटच्या चित्रात वांगोबा पिवळ्याधमक कढईत गळ्यापर्यंत बुडालेला आहे. मावशीने ते पान उघडलं, पोरांच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, “वांगोबाला हळद लागली!” पोरं टाळ्या पिटत ओरडली. मग त्याचं लग्न, वरात, आणि छोटा लाल करवला.

मी खिडकीत उभी राहून इतकी हसले की वर्गातली पोरं माझ्याकडे बघायला लागली. पण हसू ओसरल्यावर माझ्यातली एम.ए. जागी झाली. शाळा सुटल्यावर मी मावशीला गाठलं आणि शहाणपणा पाजळला. “मावशी, तो जांभळा चोर आहे. तसं स्पष्ट लिहिलंय.” मी तिला वाचून, मराठी करून दाखवलं.

ती ऐकत राहिली. मग तिने पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि एक पान काढलं. “ही टोपली बगा. मुंडक्यांच्या खाली काय हाय?”

मी बघितलं. टोपलीत निळं कापड अंथरलेलं होतं. दोन मुंडक्यांच्या मधेही त्याची घडी घातलेली, एकमेकांवर घासू नयेत म्हणून.

“चोर कवा कापड घालतो काय, बाई? चोर कोंबतो.” मग म्हणाली, “माजं माहेर मुरबाडच्या अंगाला. गावचे मुखवटे आमच्या माळ्यावर असायचे. माजा बाप आयचं जुनं लुगडं फाडून टोपलीत घालायचा, मंग एकेक ठेवायचा. आमाला हात लावू द्यायचा नाय. ज्यानं हे चितार काढलं ना, त्यानं असा मानूस बघितलेला हाय.”

मी ते पुस्तक तीनदा वाचलं होतं. शब्द न् शब्द कळला होता आणि कापड काही दिसलं नव्हतं. तिथे उभ्या उभ्या माझी मलाच लाज वाटली, ते मी कबूल करते. पण माणसाला एकदा वाटलेली लाज पुरत नाही. पुढचं शहाणपण मी लगेच करून बसले.

त्याच महिन्यात एका संस्थेने शाळेला भिंतीएवढा टीव्ही दिला. माझ्या डोक्यात आलं, पोरांना हा सिनेमाच दाखवू. मराठीत डब झालेला होता, मी पेन ड्राइव्हवर घेऊन आले, अर्धा घरी बघितला, आवाज-चित्र ठीक आहे म्हणून खात्री केली. आणि शुक्रवारी मावशीला न विचारता सरळ पोरांनाच जाहीर करून टाकलं, “उद्या मुंडक्यांचा सिनेमा!” गावभर आरडाओरडा. मला वाटलं, मी केवढं पुण्य केलं.

दुपारी मावशी माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. आत ये म्हटलं तरी येईना.

“बाई, शिनेमात तो चोरच असंल?”

तोवर हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

“गोष्ट खोटी निघाली तं निघू दे,” ती म्हणाली, “गोष्टच ती. पन मी लिवलंय म्हनत आले ना. बोट ठेवून. ती मनस्वी रोज इचारते, आन मी रोज म्हनते, लिवलंय. उद्या पोरांना कळंल, मावशीला वाचता येत नाय, मावशी बनवत व्हती. मंग मी कायबी सांगितलं तरी इश्वास ठेवनार नायत. माज्यावर नाय ते नाय, बुकावर पन नाय. दोन वरसं लागली बाई त्यांना बुकाशी बसवाया.”

तिचे डोळे भरले होते. मी घाईघाईने म्हणाले, “रद्द करते मी. टीव्ही बिघडला म्हणून सांगू.”

“येक खोटं झाकाया दुसरं?” ती पदराने डोळे पुसत म्हणाली. “दावा शिनेमा. पन आधी मला बोलू द्या.”

संध्याकाळी निघताना खळ्यावर धाऊभाऊ दिसले. मी त्यांच्याजवळ रडगाणं गायले. ते म्हणाले, “बाई, ती घरी मला पन लिवलंय म्हनून गप करते. लाइटीचं बिल पन तशीच वाचते. करंल ती काय ते.” एवढं बोलून ते पेंढ्याकडे वळले. त्यांच्या तोंडून बायकोचं कौतुक मी तेवढंच ऐकलं.

शनिवारी सकाळची शाळा. मोठ्या वर्गात पस्तीसेक पोरं दाटीवाटीने बसली, अंगणवाडीची पुढे. प्रत्येकाने आपापलं पुस्तक आणलेलं, कुणी सांगितलं नव्हतं तरी. मावशी इस्त्रीचं पातळ नेसून आली होती. टीव्हीसमोर उभी राहिली. ती पदर बोटांनी पिळत होती आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

“पोरांनो, ऐका. मला इंग्रजी वाचता येत नाय. बुकात काय लिवलंय ते मला ठाव नाय. मी चितारं बगून सांगत व्हते, आन तुमाला म्हनत व्हते लिवलंय. ते माजं खोटं. शिनेमात येगळं असंल. मी चुकले.”

लहान पोरं टीव्ही कधी लागतो त्याची वाट बघत होती, मोठी एकमेकांकडे बघत होती. मनस्वी मात्र मावशीकडे टक लावून होती. सरकारी कार्यालयात अर्ज नाकारल्यावर माणूस बघतो, तशी. मावशी भिंतीकडेला जाऊन बसली. मी सिनेमा लावला.

सुरुवातीला मजा आली. मुंडकी हलतात, पळतात, बोलतात, पोरं खिदळत होती. मग जांभळा आला. शंभर मोटारी एकदम घासल्यासारखा आवाज, लाल डोळे. तो डोकी उपटत सुटला. खिदळणं हळूहळू बंद झालं. ओमकार म्हणाला, “वांगोबा असं काय करतोय?” मी मावशीकडे बघितलं. ती खाली फरशीकडे बघत होती.

आणि मग ती कढई आली. पुस्तकात ती गप्प होती, नुसती पिवळी. इथे ती खदखदत होती. छोट्या लालने ढकललं, जांभळा कोसळला आणि किंचाळायला लागला. पिवळ्यात त्याचे हात वितळत गेले. हळद नव्हती ती. सगळ्या पोरांना एकाच वेळी ते कळलं. पुढच्या ओळीत दोघंतिघं भोकाड पसरून रडायला लागली, आणि टीव्हीत मुंडक्यांचं गाव टाळ्या वाजवत होतं.

मनस्वी रडली नाही. ती उठली. पुस्तक छातीशी धरून पोरांच्या अंगावरून, पायांवरून तुडवत थेट मावशीपुढे जाऊन उभी राहिली. मला वाटलं, आता ही वकिलीण निकाल देणार. तिने पुस्तक उघडलं, टोपलीचं पान काढलं आणि रागाने लालबुंद होऊन म्हणाली, “वांगोबा चोर नाय. हितं कापड हाय. त्या शिनेमावाल्यांनी बुक नीट वाचलं नाय!”

मावशीचा चेहरा कसातरीच झाला. या वेळी तिने नुसतं हो म्हटलं असतं तरी पुरे होतं. सगळं मिटलं असतं. पण ती म्हणाली, “नाय गो बाय. शिनेमा त्यांनीच केलाय, बुक पन त्यांचंच. लिवलेलं त्यांचंच खरं.”

“मंग तुजं काय?”

“माजं मी नुसतं बगितलेलं. माजा बाप असा कापड घालायचा, म्हनून मला तसं दिसलं.”

“तुजा बाप चोर व्हता?”

“नाय गो!” मावशी एवढ्या जोरात म्हणाली की रडणारी पोरंही गप्प झाली. “माजा बाप लय चांगला व्हता.”

मनस्वीने क्षणभर विचार केला. मग ती मावशीच्या पुढ्यात फतकल मारून बसली, पुस्तक पहिल्या पानावर उघडलं आणि म्हणाली, “मंग त्याचंच सांग. लिवलेलं नको.”

मावशीने तोंडाला पदर लावला. तोवर ओमकार उठून तिकडे सरकला, मग पुढची ओळ सरकली, मग माझी दुसरीतली पोरं, जी स्वतःला फार मोठी समजतात. कुणी हाक मारली नव्हती. भिंतीएवढ्या टीव्हीकडे पाठ करून पस्तीस पोरं भिंतीकडेला बसलेल्या एका बाईभोवती गोल करून बसली, पुस्तकं मांडीवर. “मुरबाडच्या अंगाला येक गाव व्हतं,” मावशीने सुरुवात केली. या वेळी तिचं बोट ओळीवर नव्हतं.

मी रिमोट घेतला आणि टीव्ही बंद केला. एकानेही मागे वळून बघितलं नाही. पुस्तक कढईपाशी संपतं, सिनेमाची मात्र अजून वीस मिनिटं उरली होती. तो शेवटी कसा संपतो ते आमच्या पोरांना अजून ठाऊक नाही, आणि खरं सांगते, मलाही नाही.